सड्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीच्या डोक्यावर जो सडा आहे त्याला कुणी वाळवंट म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण गणपती पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात काळा चष्मा लावलेली एक मुलगी कुजबुजत होती, “कोकणातलं हे गुप्त वाळवंट तुम्ही पाहिलंय का? इथे आहेत निळी तळी आणि कुणालाच माहीत नसलेला धबधबा!” कुणालाच माहीत नसलेल्या त्या धबधब्याच्या पायथ्याशी आमच्या वाडीची पाण्याची टाकी आहे आणि तिच्यावर ग्रामपंचायतीने हातभर अक्षरांत पाटी रंगवलेली आहे. तेवढी त्या मुलीने बरोबर चुकवली होती.

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट, उघडाबोडका कातळ. मे महिन्यात तिथे अनवाणी उभं राहिलं तर पायाचं घावन होईल. पावसाळ्यात मात्र कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं, गवत येतं, आणि भाद्रपदात जांभळ्या-पिवळ्या फुलांनी सगळं भरून जातं. आम्ही लहानपणी तिथे का जायचो, तर गुरं तिथे जायची म्हणून. मुद्दाम तिथे चालत जाणं हे आमच्याकडे डोकं फिरल्याचं लक्षण मानतात. माझंही तेच मत आहे. मी रत्नागिरीत नोकरी करते, आठवडाभर कचेरीचे जिने चढते, आणि सुट्टीत गावी येते ती आडवं पडायला.

“उद्या जाऊया ना सगळे!” वहिनी म्हणाली.

वहिनी म्हणजे माझ्या आतेभावाची बायको. आतेभावाला मी दादा म्हणते. दादा, वहिनी आणि त्यांची छोटी मुलगी डोंबिवलीला असतात, गणपतीला गावी येतात. या खेपेला परत जाताना ते आतेला बरोबर नेणार होते. वहिनीची कचेरी पुन्हा रोजची सुरू झाली होती, पाळणाघरात पोर सारखी तापाने फणफणत होती, आणि मुलगी शाळेत जाऊ लागेपर्यंत आतेने तिकडेच राहायचं असं फोनवर ठरलं होतं. गुरुवारची गाडी होती. आतेची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, तिच्यात कोकमं, कुळथाचं पीठ आणि एक पाटावरवंट्याचा वरवंटा. पाटा नेणं शक्य नाही म्हणून नुसता वरवंटा. तिकडे पाटा मिळतो पण वरवंटे नीट नसतात, असं तिचं म्हणणं.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. आते ही बाबांची थोरली बहीण. तिला दिली ती गावातच, आणि घरही बांधलं ते आमच्या शेजारी. दोन घरांच्या मध्ये दगडांचा एक गडगा आहे. तिचे यजमान गेल्याला बरीच वर्षं झाली. त्या गडग्यावरून ही दोन भावंडं रोज भांडतात. फणसाची फांदी कुणाच्या हद्दीत वाकली, कोंबडी कुणाच्या अळवात शिरली, वडिलांची कोयती कुणी हरवली. विषय संपत नाहीत. मनासारखं भांडून झालं की बाबा गडगा ओलांडून तिच्याकडे चहाला जातात. माझी आई म्हणते, “ह्यांचा खरा संसार गडग्याच्या पलीकडेच हाय.”

आते मुंबईला जाणार हे ठरलं त्या दिवसापासून बाबांनी भांडणं बंद केलं. कोंबडी अळवात शिरली, बघत राहिले. फणसाची फांदी आतेने मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी आमच्याकडे वाकवली, तरी काही नाही. आई इतकी घाबरली की डॉक्टरांना दाखवून आणूया का, असं तिने मला बाजूला घेऊन विचारलं. जाण्याबद्दल मात्र बाबा एक अक्षर बोलले नाहीत. दादाने विषय काढला की ते उठून गोठ्यात जायचे. गोठ्यात गेली कित्येक वर्षं गुरं नाहीत. तिथे उभं राहून ते काय करायचे देव जाणे.

तर सहलीचं ऐकून आते म्हणाली, “वाळवंट कसला मेला? तिकडे मी म्हशी राखल्यात.” पण तिचे डोळे चमकले. “जाऊया. जाण्याआधी एकदा बघून घेतंय.” ती तयार झाल्यावर बाबाही पायरीवरून उठले. “मी पण येतंय. राखणदाराला सांगितल्याशिवाय पाव्हण्यांना पाण्यावर न्यायचा नाय.” आई छोटीला सांभाळायला घरी राहिली आणि सगळ्यांत शहाणी ठरली.

सकाळी अंगणात निघण्याची तयारी सुरू झाली. दादाने नवे कोरे डोंगर चढायचे बूट घातले. ते इतके जाडजूड होते की तो चालताना आमच्या पायरीपुढचा गणपतीचा मांडव हलत होता. मनगटावर एक घड्याळ होतं. ते त्याची पावलं मोजतं, नाडी बघतं आणि मधूनमधून त्याचं कौतुक करतं. अंगणातून विहिरीपर्यंत जाऊन आला तर ते “शाब्बास” म्हणालं. दोरीवरचे कपडे काढता काढता आईने हे ऐकलं आणि आपल्याला असं घड्याळ कुणी दिलं नाही याची तिने नोंद घेतली.

वहिनीने उन्हाचं मलम आणलं होतं. सड्यावर झाड नाही, म्हणून तिने सगळ्यांना रांगेत उभं करून ते फासलं. ते नीट जिरत नव्हतं. बाबा पांढरंफटक तोंड घेऊन धोतर सावरत उभे राहिले तेव्हा ते हुबेहूब नमनाच्या खेळातली, तोंडाला सफेदा फासलेली गवळण दिसत होते. आतेला इतकं हसू आलं की ती गडग्याला धरून बसली. एरवी बाबांनी यावर तिला अर्धा तास तरी सुनावलं असतं. ते नुसते म्हणाले, “चला, ऊन होतंय.” आतेचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी उगाच पाण्याच्या बाटल्या मोजायला लागले.

चढ संपेपर्यंत फारसं काही घडलं नाही. दादा दोनदा घसरला, कारण शेवाळलेल्या कातळाला बुटाची किंमत कळत नाही. आते रबरी चपला हातात घेऊन अनवाणी सगळ्यांच्या पुढे होती. मी सगळ्यांत मागे होते आणि प्रत्येक वळणावर त्या काळ्या चष्म्यावालीला शिव्या घालत होते.

सड्यावर पोचलो आणि वहिनीने “हाय, किती सुंदर!” म्हणून हात पसरले. खोटं कशाला बोला, होतंच ते सुंदर. आभाळ धुतल्यासारखं होतं आणि नजर जाईल तिथवर फुलं. समोरच पहिलं तळं. तळं म्हणजे आमच्या भाषेत डबकं, पण आभाळाचं प्रतिबिंब पडल्यामुळे खरोखर निळं दिसत होतं. फक्त त्याच्या बरोबर मधोमध एक म्हैस बसली होती.

“तिला जरा बाजूला करता येईल का?” वहिनीने फोन सरसावत विचारलं.

“तिला कोण सांगणार?” बाबा म्हणाले. “ती आपल्या आधी आलेली हाय.”

आम्ही थांबलो. म्हैस रवंथ करत होती. वहिनीने डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला, आडवं पडून केला. प्रत्येक फोटोत तळं कमी आणि म्हैस जास्त. शेवटी दादा बूट सांभाळत पाण्याच्या काठाशी गेला आणि “हुश, हुश” म्हणाला. म्हशीला आयुष्यात कुणी हुश म्हटलं नसावं. तिने डोकं असं काही झटकलं की चिखलाचा एक फराटा दादाच्या कपाळापासून पोटापर्यंत आला. तो दचकून मागे बसला. लगेच घड्याळाने विचारलं, “तुम्ही पडलात का?”

“नाही,” दादा चिखलातून म्हणाला. घड्याळाचा विश्वास बसला नाही. वहिनीच्या फोनवर तिच्या नवऱ्याला अपघात झाल्याचा निरोप आला. ती त्याच्या शेजारीच उभी होती.

इथून पुढे पाण्याची एक बारीक धार निघते. तिचा ओहोळ, आमच्या भाषेत पऱ्या, होतो आणि तोच कड्यावरून खाली पडतो, म्हणजे तो धबधबा. पऱ्या जिथे सुरू होतो तिथे राखणदार आहे. राखणदार म्हणजे एक उभा दगड. वाडीतलं कुणी जाता-येता त्याच्यापुढे एक पान ठेवतं. पण बाहेरचं माणूस पाण्यावर न्यायचं असेल तर रीतसर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी “व्हय महाराजा” म्हणून दुजोरा द्यायचा. देवळात हे सांगायचा मान आमच्या घराकडे आहे, त्यामुळे बाबांचा या कामी हात, म्हणजे तोंड, कुणी धरू शकत नाही.

एक गोष्ट इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. “व्हय महाराजा” म्हणणारा माणूस गाऱ्हाणं ऐकत नसतो. ते आमच्यात जन्मापासून मुरलेलं असतं. सांगणाऱ्याचा आवाज एका विशिष्ट उंचीवर जाऊन थांबला की आमचं तोंड आपोआप उघडतं. मनात त्या वेळी जेवणाचा विचार चालू असतो.

आतेने पिशवीतून नारळ काढून दिला. बाबांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि पांढऱ्या तोंडाने दगडापुढे उभे राहिले. आम्ही हात जोडले. वहिनीने एका हातात फोन धरून चित्रण सुरू केलं.

“बा देवा महाराजा! ह्या सड्याच्या, ह्या पाण्याच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात उभी हायत!”

“व्हय महाराजा!”

“मुंबैसून आलेली हायत. त्यांना वाटेची म्हायती नाय, पायात नको तितक्या जाड वाहाणा हायत. त्यांचा पाय घसरू देऊ नको!”

“व्हय महाराजा!”

“सरपटणारा, डसणारा जा काय असंल ता त्यांच्या वाटेतना बाजूला कर!”

“व्हय महाराजा!”

“वाडीच्या पंपाची मोटर जळलेली हाय, ती सभापतींच्या ध्यानात आणून दे! टावर हुबा केलाय पण रेंज नाय, ती येऊ दे!”

“व्हय महाराजा!” हे दादा अगदी पोटातून म्हणाला. मी आतेच्या डब्यातल्या घावनांचा विचार करत होते. तिने चटणी आणली असेल की काळ्या वाटाण्याची उसळ?

“आणि ही माझी भैण, महाराजा! हिला मुंबैला न्यायचा घाट घातलेला हाय, तो तू मोडून टाक! हिचा पाय गावाभायेर पडू देऊ नको! आणि जे हिला नेणार, त्यांनी आपला विचार फिरवल्याचा आज तुझ्यासमोर तोंडान कबूल केला, असा समजून हा नारळ मानून घे!”

“व्हय महाराजा!” आम्ही सगळे म्हणालो. दादा सगळ्यांत मोठ्याने.

बाबांनी नारळ फोडला, दोन तुकडे दगडापुढे ठेवले आणि उरलेलं खोबरं आमच्या हातांवर वाटलं. मी माझा तुकडा तोंडात टाकून चांगला चावला आणि मग डोक्यात काहीतरी खटकलं. समोर दादाचाही जबडा चावता चावता थांबला होता.

“मामा,” तो म्हणाला, “शेवटी काय म्हणालात तुम्ही?”

“देवाशी बोललो,” बाबा म्हणाले आणि चपला घालायला लागले.

“आईला नेणार नाही असं मी कधी म्हटलं?”

“आताच म्हटलास की. व्हय म्हणालास.”

“मी ऐकलंच नव्हतं!”

“ऐकला नाय तर व्हय कशाला म्हटलास?”

“सगळे म्हणतात म्हणून!”

“मग आता सगळ्यांना विचार.”

वहिनीने घाईघाईने फोन उघडून चित्रण लावलं. सड्यावरच्या वाऱ्यातही स्पष्ट ऐकू येत होतं. बाबांचं ते मागणं आणि त्यावर तिच्या नवऱ्याचा खणखणीत होकार. तिने ते परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिला तिचा स्वतःचाही आवाज ऐकू आला आणि तिने फोन पिशवीत टाकला.

तुम्हाला वाटेल, शिकलेली माणसं, हसून सोडून द्यायचं. दादा मोठ्या कंपनीत आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत. पण तो लहानपणी याच सड्यावर ताप भरून पडला होता आणि याच दगडापुढे त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलेलं होतं. त्याचा चेहरा उतरला. “आता हे परत कसं घ्यायचं?” त्याने मला विचारलं. मी म्हटलं, दुसरं गाऱ्हाणं घालायचं. पण त्याला दुसरा नारळ हवा. कोकणात जन्म गेला, घराभोवती माड, पडवीत नारळांचा ढीग, आणि नेमका इथे एक नाही. सडा म्हणजे खरंच वाळवंट असल्याचं मला त्या क्षणी पटलं. होता तो नारळ आम्ही खाऊन बसलो होतो.

वहिनीने पिशवीतून सुक्या मेव्याची एक वडी काढली. “हे चालेल का? यात बदाम आहेत.”

“देवापुढे बिस्कीट फोडतेस?” बाबा म्हणाले.

नारळ नाही तर नाही, शब्दांनी भागवू, असं म्हणून दादा दगडापुढे उभा राहिला. त्याने घसा साफ केला. “हे महाराजा, मघाशी माझ्या मामांनी जे निवेदन सादर केलं, त्यातला शेवटचा मुद्दा कृपया रद्द समजावा आणि बाकीचे मुद्दे कायम ठेवावेत.” आणि तो आमच्याकडे बघत थांबला.

कुणीही “व्हय महाराजा” म्हटलं नाही. म्हणायची हिंमतच होत नव्हती. आता हा शब्द तोंडातून काढला तर आणखी कशाला बांधले जाऊ कोण जाणे.

तेव्हापासून कुणी कशालाच हो म्हणेना. पुढच्या तळ्याकाठी मी विचारलं, “पाणी हवंय का?” दादा नुसता बाटलीकडे बघत राहिला. वहिनी म्हणाली, “फुलं छान आहेत ना?” सगळे गप्प. पऱ्यातल्या दगडावर दादा पुन्हा आपटला आणि घड्याळाने विचारलं, “तुम्ही ठीक आहात का?” त्याचं बोट होकारावर गेलं आणि तिथेच थांबलं. त्याने दाबलं नाही. मिनिटभराने वहिनीच्या पिशवीतून पुन्हा धोक्याचा निरोप वाजला. “अहो, दाबा ना एकदाचं हो!” ती ओरडली. “तू दाब,” तो म्हणाला.

बाबा या सगळ्यातून निवांत चालले होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता. लहान मुलासारखी लबाडी करायची आणि वर तोंड असं की जणू पंचायतीचं काम करून आलेत. मी त्यांना गाठून म्हटलं, “बाबा, तिकडे ती एवढीशी पोर तापाने पडते. तुम्हाला काही वाटतं का?” ते म्हणाले, “वाटता.” त्या एका शब्दाने माझा राग पांगळा झाला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की इतका वेळ आते अवाक्षरही बोललेली नाही.

ती कड्यावर पोचली होती. तिथे पऱ्या कातळावरून सरकत येतो, एका खोलगट जागेत जरा थांबतो आणि मग खाली उडी घेतो. त्या थांबलेल्या पाण्यात पाय सोडून ती बसली होती. खाली आमच्या वाडीची कौलं, पिवळं पडू लागलेलं भात आणि लांब खाडीचा एक तुकडा. आम्ही सगळे धापा टाकत तिच्या आजूबाजूला बसलो. बाबा थोडे लांब, आमच्याकडे पाठ करून.

“आते,” मी म्हटलं, “तुला कुणी विचारलंच नाही. तुला जायचंय का?”

“मना जायाचा हाय गो,” ती लगेच म्हणाली. “कधीसून जायाचा हाय. ती पोर माझ्या गळ्यात हात घालून झोपते तेव्हा मना दुसरा काय सुचत नाय. आणि तो सरकता जिना. मागे गेलेले तेव्हा ह्याने एकदाच चढवलान आणि लगेच हात धरून घरी आणलान. मना त्याच्यावर पोटभर वर-खाली करायचा हाय.”

दादा लाजून पाण्यात बघायला लागला. मला हसू फुटलं, पण आते हसत नव्हती. तिने मान वळवून बाबांच्या पाठीकडे बघितलं.

“काय रे, माझ्या तोंडावर का नाय बोललास? देवाला मध्ये कशाला घातलास?”

“तुला बोललो असतो तर तू भांडली असतीस,” बाबा पाठमोरेच म्हणाले. “देवाशी कोण भांडणार?”

“मी,” आते म्हणाली.

आणि ती उठून उभी राहिली. घोट्याएवढ्या पाण्यात, ओला काष्टा खोचून, दगडाच्या दिशेला तोंड करून. आमच्या गावात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. कुणी मना केलं आहे असं नाही, पण घालत नाहीत. तिने हात जोडले आणि असा आवाज लावला की पलीकडच्या बाजूने टिटव्या उडाल्या.

“बा देवा महाराजा! ह्या माझ्या भावान मघाशी तुला सांगितलान ता खोटा नाय, पण अर्धाच सांगितलान! उरलेला मी सांगतंय! ह्याला कडेवर घेऊन मी ह्या सड्यावर म्हशी राखल्यात. हा माझ्याशिवाय कधी ऱ्हायलेला नाय. आता पोरीला माझी गरज हाय, म्हणून मी जाणार! शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा मी येईन, तोवर ह्याला नीट ठेव! ह्याची बायको त्याच घरात असते, तिच्याशी मिठामसाल्याखेरीज दुसरा काय बोलायची ह्याला बुद्धी दे! माझ्या कोंबड्यांना ह्यान दगड मारू नयेत, मारलेच तर लागू नयेत! आणि ह्याला जा काय सांगायचा असंल ता ह्यान माझ्या तोंडावर सांगावा, तुला तरास देऊ नये!”

ती थांबली. आवाज बरोबर त्या उंचीवर होता जिथे तोंड आपोआप उघडतं. दादाने ओठ घट्ट मिटले. वहिनीने पदर नव्हता म्हणून टोपी तोंडावर धरली. मी दात आवळून बसले. हे उत्तर आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं, हे सगळ्यांना कळलं होतं. धबधबा तेवढा आपला पडत होता.

बाबा सावकाश उठले. त्यांनी पायजम्यासारखं धोतर वर गोळा केलं आणि पाण्यात उतरून आतेच्या समोर येऊन उभे राहिले. ते आता व्हय म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी हात जोडले नाहीत. दगडाकडे बघितलंसुद्धा नाही.

“आक्का,” ते म्हणाले, “नको गो जाऊ.”

एवढंच. आवाज इतका बारीक होता की मला तो त्यांचा वाटलाच नाही. वयाने सत्तरीला टेकलेला माझा बाप त्या पाण्यात उभा राहून आपल्या बहिणीला नको जाऊ म्हणत होता, आणि मला एकदम रडू आलं. अडवता येईना म्हणून मी वहिनीचा हात धरला, तर ती आधीच रडत होती.

आतेने त्यांच्या दंडाला धरलं, कारण पाण्याला तिथे ओढ आहे आणि बाबांचा पाय सरकत होता.

“जाणार मी,” ती म्हणाली. “पण बोललास ता बरा केलास.”